परसातल्या कोंबड्या: सरकीची पेंड, ओली गादी आणि पोटात अडकलेली दोरी

पावसाळा निम्मा सरला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. उन्हाळाभर सगळे म्हशीच्या दुधाचं विचारतात, आता कोंबड्यांचं. आणि जवळजवळ प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच ओळ: ‘औषधाचं नाव कळवा.’ लागेल तिथे नाव कळवतोच. पण पत्र लिहायला बसण्याआधी दोन गोष्टी बघून ठेवत जा. सकाळी खुराडं उघडल्यावर खाली पडलेली शीट कशी आहे, आणि दाणे टाकण्याआधी कोंबडीच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी रिकामी आहे की भरलेली. ज्यांनी हे लिहून पाठवलं त्यांना नेमकं उत्तर देता आलं. बाकीच्यांच्या बाबतीत मला अंदाजच बांधावा लागला.

प्रश्न: आमच्याकडे दोन म्हशी आणि वीसेक गावठी कोंबड्या आहेत. म्हशींसाठी आणलेली सरकी पेंड भिजवली की त्यातलीच थोडी कोंबड्यांपुढे टाकते. त्या आवडीने खातात. मुलीकडे भुसावळला अंडी पाठवली. तिने आठ-दहा दिवसांनी फोडली तर बलक शेवाळी, तपकिरी निघाला. ती म्हणते, आई, तू शिळी अंडी पाठवलीस. इथे ताजं अंडं फोडलं तर चांगलं असतं. कोंबड्या ठणठणीत आहेत. पोटाचा काही रोग असेल का?
(वाचक भगिनी, चोपडा तालुका)

उत्तर: ताई, लेकीला सांगा की अंडी शिळी नव्हती. दोष पेंडीचा आहे. घरात सरकी असेल तर एक बी विळीवर मधोमध कापा आणि उजेडात धरा. पिवळसर गरात बारीक काळपट ठिपके दिसतील. त्या ठिपक्यांत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. किडीपासून स्वतःला वाचवायला कपाशीने केलेली ती सोय. म्हशीच्या कोठीपोटात, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटात, त्यातलं बरंचसं बांधलं जातं, म्हणून मोठ्या जनावराला पेंड पचते. कोंबडीला कोठीपोट नाही. तिच्या अंगातून ते बलकात उतरतं आणि बलकातल्या लोहाशी त्याचा संयोग होतो. ही क्रिया सावकाश चालते, म्हणून तुमच्या चुलीपाशी फोडलेलं अंडं चांगलं आणि भुसावळला आठवड्याने फोडलेलं शेवाळी. सरकीच्या तेलात आणखी एक घटक असतो, त्याने साठवलेल्या अंड्याचा पांढरा भाग गुलाबीसर होतो. तसं दिसलं तरी घाबरू नका, कारण तेच.

रंगापुरतंच असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. गॉसिपॉल पेंडीतल्या लायसिनला, म्हणजे प्रथिनांतल्या एका गरजेच्या घटकाला, धरून ठेवतं, म्हणजे कागदावर भरपूर दिसणारी प्रथिनं कोंबडीला मिळतच नाहीत. त्यातून टरफलासकट गाळलेल्या पेंडीत चोथा फार. कोंबडीचं पोट भरतं, अंडी मात्र हळूहळू कमी होतात. पेंड आजपासून बंद करा. बलक लगेच सुधारणार नाही, अंगात साठलेलं जायला काही आठवडे लागतात. तोवरची अंडी घरी ताजी ताजी खा, पाहुण्यांना पाठवू नका. आपल्याकडे जिनिंगमुळे सरकी स्वस्त आणि हाताशी असते, म्हणून हे पत्र दर वर्षी कुठून ना कुठून येतंच. कोंबडीसाठी पेंड घ्यायची तर सोयाबीनची घ्या, किंवा भुईमुगाची. भुईमुगाची घेताना वास घेऊन घ्या, बुरशीचा कुबट वास आला तर फुकट मिळाली तरी नको.

प्रश्न: महिनाभराची चाळीस पिलं होती. झड लागली त्या आठवड्यात पंख पाडून पेंगायला लागली. शीटेत रक्त. रोज दोन-तीन मरतात. मोठ्या कोंबड्या मात्र चांगल्या आहेत. दुकानातून जुलाब बंद व्हायची पावडर आणि बी-कॉम्प्लेक्स आणलं, दोन्ही पाण्यातून देतो. फरक नाही.
(वाचक, शहादा तालुका)

उत्तर: वय, पाऊस आणि रक्त, तिन्ही एका जागी आले. ही रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. तीन ते आठ आठवड्यांच्या पिलांचा हा ठरलेला रोग. आयमेरिया नावाचे सूक्ष्म परजीवी आतड्याचं अस्तर फोडतात, त्याचं ते रक्त. मोठ्या कोंबड्यांना लहानपणी थोडी थोडी लागण होऊन प्रतिकारशक्ती आलेली असते, म्हणून त्या धडधाकट दिसतात. पण शीटेतून रोगाचं बी पसरवतात त्याच. पिलं आणि मोठ्या कोंबड्या एका खुराड्यात नकोत, हे त्यासाठी.

औषध: अ‍ॅम्प्रोलियम, पाण्यातून, पाकिटावरच्या मात्रेने, पाच ते सात दिवस. त्या दिवसांत दुसरं पाणी ठेवू नका. आणि भाऊ, ते बी-कॉम्प्लेक्स आधी बंद करा. अ‍ॅम्प्रोलियम हे बी-१ जीवनसत्त्वाच्या रूपाचं सोंग आहे. परजीवी ते खरं समजून घेतो आणि उपाशी मरतो. तुम्ही त्याच भांड्यात खरं बी-१ ओतलं तर औषधाचा डाव फसतो. औषधाचा कोर्स संपल्यावर जीवनसत्त्वं खुशाल द्या. जुलाब बंद करण्याच्या पावडरीत बहुतेक वेळा अँटिबायोटिक असतं, त्याचा या परजीवीवर उपयोग नाही. दुकानदाराच्या सांगण्यावरून अँटिबायोटिक देत जाऊ नका. कोलिस्टिन तर जुलै २०१९ पासून जनावरांसाठी आणि कोंबड्यांसाठी देशभर बंद आहे, तरी जुन्या साठ्यातलं कुणी पुढे केलं तर नाव वाचून परत करा.

आता खरं काम. शीटेबरोबर पडलेलं रोगाचं बी लगेच लागण करत नाही. त्याला ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत ते पिकतं, मग पिलाने टिपलं की लागण. म्हणजे तुमच्या हातात तो एक-दोन दिवसांचा अवकाश आहे. खुराड्यात खाली अंथरलेली तुसाची गादी मुठीत दाबून बघा. हात ओला झाला किंवा गोळा तसाच राहिला तर ती बदलायची. पाण्याच्या भांड्याभोवतीची जागा सर्वांत आधी भिजते. भांडं विटेवर ठेवा, पिलाच्या पाठीच्या उंचीला येईल इतकं. मग त्यात पाय पडत नाहीत आणि पाणी सांडत नाही. गादीला तूस मिळालं नाही तर भुईमुगाच्या टरफलांचा भरडा चालतो. लाकडाचा भुसा घ्याल तर जाडसर घ्या, अगदी बारीक भुसा पिलं दाणा समजून खातात. फिनेल शिंपडून हे बी मरत नाही. ऊन, कोरडेपणा आणि उकळतं पाणी यांनी मरतं. झड उघडून ऊन पडलं की खुराड्याच्या फळ्या बाहेर काढून तापू द्या.

प्रश्न: आमची कोंबडी दिवसातून एक-दोनदा चॉकलेटी, पातळ आणि भयंकर वासाची शीट टाकते. बाकीच्या वेळी घट्ट, वर पांढरी टोपी. कोणतं औषध?
(विद्यार्थी वाचक, पारोळा)

उत्तर: कोणतंही नाही. कोंबडीच्या आतड्याला दोन आंधळ्या पिशव्या असतात, तिथे चोथा आंबतो. दर आठ-दहा शीटांमागे एकदा त्या रिकाम्या होतात, ती ही वासाची शीट. पांढरी टोपी म्हणजे तिची लघवी. हे दोन्ही दिसणं चांगल्या पोटाचं लक्षण आहे. तू बघून लिहिलंस, शाब्बास.

प्रश्न: कोंबडी चार दिवसांपासून खात नाही. गळ्याखाली लिंबाएवढी गाठ, कडक लागते. शेजारचे बाबा म्हणाले, पाय धरून उलटी कर आणि पिळ. तसं करू का? आम्ही केळीच्या बागेतच राहतो.
(वाचक भगिनी, रावेर तालुका)

उत्तर: उलटी अजिबात करू नका, आक्का. पिशवीतलं पाणी श्वासनळीत जातं आणि कोंबडी हातातच मरते.

केळीच्या बागेत राहता, हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलं. घड आणि झाडं बांधायच्या प्लॅस्टिकच्या दोऱ्या कापून तुकडे तिथेच टाकले जातात. उन्हाने त्यांचे तंतू सुटतात, आणि कोंबडी ते गांडूळ समजून ओढते. एक तंतू गेला की त्याला गवत, पाला गुंडाळत जातो आणि आत मोळी बांधली जाते. गाठ ती. लांब वाळलेलं गवत किंवा सुतळीनेही हेच होतं.

रात्री दाणे देऊ नका, फक्त पाणी ठेवा. सकाळी बोटांनी चाचपा. निरोगी कोंबडीची पिशवी सकाळी सपाट, रिकामी असते. भरलेली आणि कडक असेल तर ड्रॉपरने चोचीच्या कडेने थोडं कोमट पाणी आणि चमचाभर गोडेतेल, अगदी थेंब थेंब, मान सरळ ठेवून पाजा. मग पाच-दहा मिनिटं पिशवी हलक्या हाताने चोळा. दिवसातून तीन-चारदा. एका दिवसात मऊ झाली नाही तर दवाखान्यात न्या. पशुवैद्यक पिशवीला छेद देऊन गुंता काढतात आणि टाके घालतात. छोटं काम आहे, कोंबडी बहुतेक वाचते. चोचीतून दोरीचं टोक दिसलं तर ओढायचं नाही, दुसरं टोक पेट्यापर्यंत गेलेलं असू शकतं. पेटा म्हणजे चिकनवाला कलेजीबरोबर देतो तोच. कोंबडीला दात नाहीत, दळण तिथे चालतं.

पिशवी कडक नसून पाण्याच्या फुग्यासारखी लिबलिबीत असेल आणि चोचीतून आंबूस वास येत असेल तर ती बुरशी. त्याला तेल चालत नाही, बुरशीचं औषध लागतं, तेही डॉक्टरांकडूनच.

दळणावरून आठवलं. ज्यांच्या कोंबड्या कोंडून ठेवलेल्या असतात त्यांनी बारीक खडी ठेवायला हवी. आपल्या काळ्या कपाशीच्या जमिनीत कोंबडी दिवसभर उकरली तरी टणक खडा सापडेलच असं नाही. नदीची जाड वाळू चाळून एका परळात ठेवा, ज्वारीच्या दाण्याएवढे खडे. दाणे भरडलेले नसून अख्खे देत असाल तर हे हवंच. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात. तो अंड्याच्या कवचासाठी आहे, पेट्यात विरघळून जातो, दळायच्या कामाचा नाही.

प्रश्न: मे महिन्यात भुसावळला कोंबड्यांची शीट पाण्यासारखी झाली होती आणि अंड्यांची कवचं पातळ. जुलाबाचं औषध दिलं, तरी पाऊस येईपर्यंत थांबलं नाही. पुढच्या वर्षी काय करावं?
(वाचक, भुसावळ)

उत्तर: पाऊस आल्यावर आपोआप थांबलं, त्यातच उत्तर आहे. पारा पंचेचाळिशी पार करतो तेव्हा कोंबडी नेहमीच्या दुप्पट-तिप्पट पाणी पिते आणि तेच खाली टाकते. हा जुलाब नव्हे. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग निववते. धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. कवच तयार व्हायला तोच लागतो, म्हणून कवचं पातळ.

पुढच्या उन्हाळ्यात खाण्याची वेळ बदला. अन्न पचताना अंगात उष्णता निर्माण होते आणि खाल्ल्यावर चार-सहा तासांत ती चढते. सकाळी दहाला भरपेट दाणे म्हणजे दुपारी दोनला बाहेरून भट्टी आणि आतूनही भट्टी. पहाटे फटफटताच खायला द्या, नऊच्या आत भांडं उचला, पुन्हा संध्याकाळी ऊन उतरल्यावर. पाणी मातीच्या परळात, सावलीत, दुपारी दोनदा बदलून. पत्र्याच्या छपरावर ज्वारीचा कडबा अंथरा, बाजूला ओलं गोणपाट टांगा. इलेक्ट्रोलाइटची पावडर दुपारच्या पाण्यात चालेल. औषधाचे पैसे त्या कडब्यात घाला.

प्रश्न: तयार खाद्य महाग पडतं. घरचा मका, सोयाबीन आहे. घरीच खाद्य करायचं प्रमाण सांगा. सोयाबीन कच्चं दळून घातलं तर चालेल का?
(वाचक, साक्री तालुका)

उत्तर: कच्चं नको. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो. पिलांची वाढ खुंटते, स्वादुपिंड सुजतं. घरचंच वापरायचं तर कढईत सारखं हलवत, आतपर्यंत खरपूस होईतो भाजून मग भरडा. जळू देऊ नका. त्यापेक्षा सोयाबीन विकून सोयाबीनची पेंड आणलेली सोपी.

अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी दहा किलोचं माप: भरडलेला मका ५ किलो, सोयाबीन पेंड २ किलो, गव्हाचा कोंडा २ किलो, शिंपला किंवा चुनखडीचा चुरा ८०० ग्रॅम, खनिज मिश्रण २०० ग्रॅम, आणि वरून ३० ग्रॅम मीठ. यातून सोळा-सतरा टक्के प्रथिनं मिळतात. मक्याऐवजी निम्मी बाजरी किंवा ज्वारी घाला, खुशाल चालते. फक्त ज्वारीने बलक फिका होतो, त्यावर उपाय शेवग्याचा पाला, लसूणघास, मेथीची देठं. दिवसभर मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला संध्याकाळी यातलं ४०-५० ग्रॅम पुरे, बाकीचं ती किडे-पाल्यातून मिळवते. कोंडून ठेवलेलीला शंभर ग्रॅमच्या आसपास लागतं. हे खाद्य पिलांना देऊ नका, यातला चुना त्यांची मूत्रपिंडं बिघडवतो. जळगावच्या डाळ मिलची चुणी विचारणारेही एक-दोघे आहेत. मूठभर चालते, पण ती ढोरांचं खाणं आहे, चोथा जास्त.

मक्याबद्दल मात्र कडक राहा. परतीच्या पावसात भिजलेली कणसं गुरं खात नाहीत, माणसं खात नाहीत, मग कोंबड्यांना टाकतात. हिरवट-पिवळ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृत खातं, अंडी घटवतं, आणि लसीचा उपयोगही कमी करतं. धुऊन जात नाही, भाजून जात नाही. दाणा दाताखाली कटकन फुटेल इतका वाळवल्याशिवाय कोठीत भरू नका. बुरशीचा मका उकिरड्यावरसुद्धा टाकू नका, कोंबड्या तिथेच उकरतात. पुरून टाका.

प्रश्न: “कोंबड्यास्ले काय व्हयनं समजत नही.” पेरणीतून उरलेलं मक्याचं गुलाबी बियाणं दोनदा धुऊन टाकलं. दोन दिवसांपासून तलंगा (अंड्यावर आलेल्या तरुण कोंबड्या) बिनकवचाची, मऊ अंडी घालतात.
(वाचक, शिंदखेडा तालुका)

उत्तर: जिभाऊ, गुलाबी रंग हा खाऊ नका सांगण्यासाठीच दिलेला असतो. बियाण्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. त्यात थायरम असेल तर मऊ अंडी हा त्याचा नेहमीचा परिणाम, वाढत्या पिलांचे पायही वाकडे होतात. कीटकनाशक चोळलेलं असेल तर याहून वाईट. धुऊन उपयोग नाही. बियाणं पुरा, या दिवसांतली अंडी खाऊ नका, विकू नका. पिशवीवरची चिठ्ठी घेऊन दवाखान्यात दाखवा, औषधाचं नाव त्यावर लिहिलेलं असतं.

प्रश्न: कोंबडी भरपूर खाते, तरी छातीचं हाड टोचतं. शीटेत एकदा शेवयांसारखं पांढरं काही दिसलं.
(वाचक, धडगाव)

उत्तर: जंत. लांब गोल जंतांवर पाइपरॅझिन चालतं, तांदळाच्या दाण्यासारखे चपटे तुकडे दिसले तर तो पट्टकृमी, त्याला वेगळं औषध लागतं. एक शीट कागदात घालून दवाखान्यात दाखवा. मोकळ्या कोंबड्यांना पावसाळ्याच्या आधी आणि नंतर जंतनाशक द्यावंच, मधे दर दोन-तीन महिन्यांनी. किती दिवस अंडी वापरायची नाहीत ते लेबलवर असतं.

प्रश्न: नंदुरबारच्या मिरची वाळवायच्या पथारीवरून फुटकी मिरची आणि बी स्वस्त मिळतं. कोंबड्यांच्या पोटाची आग होणार नाही का? आणि उन्हाळ्यात उरलेले पापड, शेव टाकले तर?
(वाचक, नंदुरबार)

उत्तर: मिरचीने आग होत नाही. पक्ष्यांना तिखट लागतच नाही, त्यांच्या जिभेला तो दाह ओळखता येत नाही. मिरचीचं बी दूरवर पेरलं जातं ते पक्ष्यांमुळेच. लाल मिरचीने बलकाला छान केशरी रंग येतो. पण पथारीवर खाली दबलेली, काळी पडलेली मिरची बुरशीची असते, ती नको, आणि खाद्यात किलोला चिमूटभरापेक्षा जास्त घालून फायदा नाही.

पापड-शेव मात्र बंद. पापडखार आणि मीठ कोंबडीला झेपत नाही. ती खूप पाणी पिते, पाण्यासारखी शीट टाकते, आणि पाण्याचं भांडं रिकामं असेल तर मरते. पिलं तर फार लवकर. उरलेली कळण्याची भाकरी कुस्करून टाका, ती चालते.

प्रश्न: हिरवी शीट, मान वाकडी, लहान-मोठ्या सगळ्याच मरतात. अ‍ॅम्प्रोलियम देऊ का?
(वाचक, नवापूर तालुका)

उत्तर: नका देऊ, ही बहुधा मानमोडी, म्हणजे राणीखेत. विषाणूचा रोग, औषध नाही, लस आहे. पिलाला पहिल्या आठवड्यात लासोटा डोळ्यात थेंबाने, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी टोचून. लस दवाखान्यातून बर्फावरच आणा. आजारी कळपात आता लस टोचत बसू नका, आधी डॉक्टरांना बोलवा.

तुमच्या तालुक्यात मी एवढ्यावर थांबणार नाही. देशात कोंबड्यांमधला बर्ड फ्लू पहिल्यांदा नवापूरलाच सापडला, फेब्रुवारी २००६ मध्ये, आणि २०२१ मध्ये पुन्हा तिथेच. मानमोडी आणि बर्ड फ्लू बाहेरून सारखेच दिसू शकतात. म्हणून मेलेली कोंबडी उघडून बघू नका, सोलू नका, नदी-नाल्यात टाकू नका, उरलेल्या बाजारात नेऊ नका. हात साबणाने धुवा आणि आजच्या आज पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर कळवा. नमुना तपासून आल्यावरच नाव कळेल.